लाभाची मूठ

बारामतीच्या त्या दुकानदाराने काचेच्या काउंटरवर तीन वजनकाटे मांडले आणि मी पर्समधून तूरडाळीची पुडी काढली. तो हसला. "मॅडम, टेप घ्यायला येणारं गिऱ्हाईक घरून कॅसेट आणतं. डाळ घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच." मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नसे, आणि कुणी हसवायला गेलं की अधिकच राग यायचा.

माझ्या वडिलांची, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. औषधं आपलं काम करतील, पण खरी राखण स्वयंपाकघरातच करावी लागेल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवसाला तीस ग्रॅम डाळ, त्यापुढे नाही. पीठ आणि तांदूळही मोजून. भाजी चिरून पाण्यात भिजवायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. हे नीट पाळलं तर मशीनवर रक्त शुद्ध करून घेण्याची वेळ लांबेल. किती लांबेल ते डॉक्टर बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. 'लांबेल' एवढा एक शब्द घेऊन आम्ही परतीच्या एसटीत बसलो.

आम्ही तेव्हा वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहत होतो. तात्या कारखान्यात फिटर होते. दुखणं वाढल्यापासून घरीच असत. मी लासुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, लग्न व्हायचं होतं, आणि घरातला शेवटचा शब्द आपला असावा असं मला वाटू लागलं होतं. स्वयंपाक मात्र आईचा. तिच्या स्वयंपाकघरात मोजमाप नावाची वस्तू नव्हती. किती माणसं जेवायला आहेत एवढं विचारून ती डब्यात हात घालायची, आणि भाकरी उरली नाही की कमी पडली नाही.

नव्हती म्हणते, पण एक माप घरात होतं. आमचं मूळ गाव लोणी भापकर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढे चुलत्यांनी शेती धरली. दर वर्षी ते आमच्या वाट्याची ज्वारी घेऊन यायचे, आणि पोतं गावाकडे वजन करून आणलेलं असलं तरी आई ती लाकडी मापाने मोजूनच पत्र्याच्या कोठीत ओतायची. खळ्यावरची रीत तिने क्वार्टरमध्ये आणली होती. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं पुढे. आणि रिकामं माप धान्याला दाखवायचं नाही. मोजायला बसण्याआधी त्यात थोडे दाणे टाकायचे. ती लाभाची मूठ. ती मोजणीत धरायची नाही. मी शिकली-सवरलेली, मी यावर नाक मुरडायची. आई ऐकून घ्यायची आणि दाणे टाकायचीच.

काट्याचं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. घरात जुना दोन पारड्यांचा तराजू होता, पण त्याचं सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं. मग भांड्याच्या दुकानातून स्प्रिंगचा काटा आणला. वर प्लास्टिकचं ताट, समोर घड्याळासारखी तबकडी. त्याची सुई शून्याच्या जवळपास बसायची, शून्यावर कधीच नाही. तीच वाटी तीनदा ठेवली तर तीन वेगळी वजनं. तात्या खाटेवरून म्हणाले, "ह्यो काटा न्हाय, ह्यो अंदाजच हाय. मग तुझ्या आईचा अंदाज काय वाईट हुता?" मी तो काटा परत केला, दुकानदाराशी भांडले, आणि इलेक्ट्रॉनिकच्या वस्तू ठेवणाऱ्या या दुकानात आले. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आकडे दाखवणारे काटे तोवर सराफांकडे असत; घरगुती काटे या दुकानदाराने माझ्या सांगण्यावरून मागवले होते.

पहिला काचेचा होता, देखणा, बटणंच बटणं. पण तो पाच पाच ग्रॅमच्या उड्या मारत होता. तीस ग्रॅमच्या डाळीत पाचाची उडी मला परवडणारी नव्हती. दुसरा बरोबर होता, पण त्याला घड्याळातला चपटा सेल लागायचा. तो संपला की बारामतीलाच यावं लागणार. तिसरा साधा. वर स्टीलची थाळी, खाली मोठे काळे आकडे, रेडिओत घालतात तसे पेन्सिल सेल, आणि दोनच बटणं. एक चालू करायचं, एक शून्याचं. दुकानदाराने थाळीवर स्टीलची वाटी ठेवली, वाटीचं वजन आलं. त्याने शून्याचं बटण दाबलं. टुंक असा आवाज झाला आणि वाटी असूनही आकडा शून्य झाला. "आता यात जे टाकाल तेवढंच दाखवणार. भांड्याचं वजन वजा करायची कटकट नाही." मी माझी पुडी सहा-सात वेळा ठेवून पाहिली. आकडा हलला नाही. मी हाच काटा घेतला, आणि घेतला तो त्या शून्याच्या बटणासाठी. आईला वजाबाकी येत नव्हती.

आईला काटा आवडला नाही. घरच्या माणसाचं खाणं मोजू नये, असं तिचं म्हणणं. "गुरास्नी बी आमी कधी मोजून घातलं न्हाय. आन् ह्यास्नी मोजून घालू?"

"डॉक्टर सांगतात ते कळत नाही का तुला?" मी म्हणाले. "मोजलं नाहीस तर जातील ते."

हे असं मी तोंडावर बोलायची. आई ओट्याजवळ आली आणि म्हणाली, "दाव."

मी दाखवलं. "काटा चालू कर. भांडं ठेव. मग हे बटण दाब. शून्य आलं की डाळ टाक, तीस दिसले की थांब." आई कधी शाळेत गेलेली नव्हती, पण आकडे ओळखायची. भिंतीवरच्या कॅलेंडरने आणि एसटीच्या पाट्यांनी शिकवले होते. काट्यावरचे आकडे जरा तुटक काड्यांचे दिसतात, म्हणून मी तिला ते दोन-तीन दिवस घोटून दिले. तिने मन लावून शिकून घेतलं. मोलाची वस्तू हाताळावी तसं ती बोटाच्या टोकाने बटण दाबायची.

मला सकाळची एसटी धरावी लागे. आई डाळ-तांदूळ मोजायची ती मी गेल्यावर. रविवारी मात्र मी घरी असायची आणि मोजणी माझ्या हाती. रविवारी जेवताना तात्या ताटातलं वरण बोटाने ढवळायचे. "आज लई पातळ झालंय." मी म्हणायची, रोज तेवढंच असतं. ते आईकडे बघायचे आणि खायला लागायचे. पथ्याला कंटाळलेला माणूस अशी खुसपटं काढणारच, असं मी धरून चालले होते.

रक्ताचा पहिला रिपोर्ट जरा वर गेलेला आला. दुसरा आणखी वर. डॉक्टरांनी चष्मा काढून तात्यांना विचारलं, "बाहेर काही खाता का? खरं सांगा." तात्यांनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, सगळं मोजून देतोय, ग्रॅममध्ये. ते म्हणाले, "मग इतकं चढायला नको होतं." हे वाक्य घेऊन मी आठवडाभर शाळेत शिकवत होते. फळ्यावर वजनाची एककं लिहिताना हात थांबायचा.

मला वाटलं, काटा बिघडला. मी तो पिशवीत घालून बारामतीला एका सराफाकडे नेला. त्याने डबीतून पितळी वजनं काढून एकेक ठेवलं. पाच ठेवलं, पाच दिसले. वीस ठेवलं, वीस दिसले. "काटा एकदम चोख आहे," तो म्हणाला. चोख असल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. बिघडलेला असता तर बदलून मिळाला असता. घरी येऊन मी आईला पारखलं. सहा आणि नऊ, दोन आणि पाच, सगळे आकडे तिने न चुकता ओळखले. "माजी परीक्षा घितीयास व्हय?" ती म्हणाली. ती दुखावली होती, हे मला दिसत होतं.

तात्यांची सूज आता सकाळीही उतरत नव्हती. बूट होईनात, म्हणून ते चपला घालायला लागले, मग तेही बंद झालं. क्वार्टरच्या ओसरीवर खाट टाकून ते पाळी बदलायच्या भोंग्याला घड्याळ लावत पडून असायचे. आत ओटा तिथून पाच-सहा हातांवर. मधे फक्त एक पडदा होता.

त्या रविवारी तवा उचलताना माझा उजवा हात भाजला. आईने त्याला कोरफड लावली, चिंधी बांधली, आणि म्हणाली, "तू बस. मी मोजती." मी दारातल्या पाटावर बसले आणि शिकवल्यानंतर पहिल्यांदाच तिला मोजताना पाहिलं.

तिने काटा पुसला. चालू केला. वाटी हातात घेतली, पण थाळीवर ठेवली नाही. डाव्या हाताने डब्यातून डाळ घेतली, पाच बोटांत मावेल एवढी, आणि वाटीत टाकली. पुटपुटली, "लाभ." मग वाटी थाळीवर ठेवली. मग शून्याचं बटण दाबलं. टुंक. आकडा शून्य झाला. त्यावर तिने डाळ टाकायला सुरुवात केली, अगदी शेवटी दाणा दाणा, आणि तीसवर थांबली. एक दाणा जास्त पडला असेल असं वाटून तो उचलून परत डब्यात टाकला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काटा खोटं बोलत नव्हता. आईही खोटं बोलत नव्हती. मी तिला 'भांडं ठेव' म्हणाले होते, 'रिकामं भांडं ठेव' म्हणाले नव्हते. ज्याला माप म्हणतात ते आमच्या घरात रिकामं ठेवतात कुठे?

"आई, ती आधीची मूठ कसली?"

"लाभाची."

"ती पण तात्यांच्याच पोटात जाते ना?"

"मग काय? ती मोजत न्हाईत." पाणी खाली वाहतं हे कुणीतरी सांगावं, इतक्या सहज ती बोलली.

मी उठले. डाव्या हाताने दुसरी वाटी काट्यावर ठेवली, रिकामी. बटण दाबलं. "घाल तुझी मूठ यात." तिने घातली. आकडा आला अकरा. "तीस सांगितलेत डॉक्टरांनी. तू रोज एक्केचाळीस घालतीयस. पिठाला किती घालतेस? भाताला?" माझा आवाज चढला होता. "दर वेळी! इतके दिवस!"

आई आकड्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचा डावा हात उलटा केला आणि तळवा पाहिला. बोटांना डाळीची पिवळी भुकटी लागली होती. ती पदराला पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

पडद्यापलीकडून तात्यांचा आवाज आला. "तिला कशाला सांगितलंस?"

मी पडदा बाजूला केला. ते उठून बसायचा प्रयत्न करत होते. "मला ठाव हुतं," ते म्हणाले. "आधी वाटीत डाळ पडल्याचा आवाज यायचा, मग टुंक वाजायचं. रविवारी तू असलीस की आधी टुंक."

"मग बोलला का नाही?" मी अक्षरशः ओरडले.

त्यांना धाप लागली होती. ते म्हणाले, "समदं मोजून मिळतंय, पोरी. पानी बी मोजून. तेवढी तिच्या हातची हुती." आणि मग आईकडे न बघता म्हणाले, "तिची काय चूक न्हाय. रीतच हाय ती."

मला दोघांचा सारखाच राग आला होता. एकीने न कळता घातलं, दुसऱ्याने कळून खाल्लं, आणि मधे मी दुकानं पालथी घालत काटे पारखत बसले होते. त्या रागात रडूही आलं आणि ते रडू मला मुळीच नको होतं. आईने दोन्ही वाट्यांतली डाळ डब्यात परत ओतली, वाटी धुतली, कोरडी केली, रिकामीच काट्यावर ठेवली आणि बटण दाबलं. मग तीस ग्रॅम मोजले. त्या दिवशी वरण पातळ झालं. तात्यांनी ते निमूट खाल्लं.

त्यानंतर आई कधी चुकली नाही. रिपोर्ट काही दिवस तिथल्या तिथे राहिला आणि पुन्हा चढू लागला. मग पुण्याच्या फेऱ्या, मशीन, हातावर सुयांचे काळे डाग. दवाखान्याच्या जिन्यात मी एकदा डॉक्टरांना एकटं गाठलं आणि त्या मुठीचं सगळं सांगितलं. त्यामुळे किती फरक पडला असेल, असं विचारलं. मूळ दुखणंच थांबणारं नव्हतं, ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं. "थोडं इकडे-तिकडे झालं असेल. कुणालाच सांगता येणार नाही." हे 'थोडं' मी आईपर्यंत पोचू देणार नव्हते. पण मी वळले तेव्हा ती जिन्याच्या वरच्या वळणावर पाण्याची बाटली धरून उभी होती. तिने ऐकलं होतं की नाही ते तिने कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला त्या दिवसांत तात्या गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना काही खावंसं वाटत नव्हतं. आई वाटी घेऊन बसायची, अगदी काट्यावर मोजलेली, आणि ती तशीच परत आणायची. "एवढं तर घ्या," म्हणायची. "बरोबर हाय, मोजलेलं हाय." ते डोळे मिटून घ्यायचे.

कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही लासुर्ण्याला दोन खोल्या घेतल्या. सामान लावताना काटा मी मुद्दाम खालच्या खोक्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर होता. आई आता स्वतःच्या पुरती डाळही मोजून घ्यायची. तिला कसलंही पथ्य नव्हतं. मी एकदा म्हणाले, आता कशाला? ती म्हणाली, "असू दे." पीठ मळायला घेण्याआधी डब्यात चिमूटभर परत टाकायची तिची सवय होती, तीही गेली. डब्यात हात घालून अंदाजाने काढणं तर तिने पार सोडलं. भाकरी उरू लागली, कधी कमी पडू लागली.

सुगी झाल्यावर लोणी भापकरचे चुलते नेहमीप्रमाणे ज्वारीचं पोतं घेऊन आले. तात्या गेल्यावरची ही पहिलीच ज्वारी. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, आईने कोठीचं झाकण काढलं आणि लाकडी माप आणलं. मी दारात उभी होते. चुलत्यांनी सवयीने ओंजळभर दाणे उचलले आणि मापात टाकायला हात पुढे केला.

"नगं, भाऊजी," आई म्हणाली.

त्यांचा हात तसाच राहिला. "अवं वैनी, रिकामं माप..."

"ऱ्हाऊ द्या रिकामं."

त्यांनी दाणे पोत्यात सोडले. माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच वाटत होतं की पुढचा शब्द तरी तिने म्हणावा. आयुष्यभर ज्याची मी चेष्टा केली तो एक शब्द. मी मनातल्या मनात तो म्हणूनही टाकला. आईने रिकामं माप पोत्यात घातलं, शिगेला भरलं, वरची शीग हाताने सपाट केली, आणि कोठीत ओतलं. पत्र्यावर दाणे वाजले. चुलते वाट बघत होते.

"एक," आई म्हणाली.